दारांत आलेला रोगी आणि विम्याचा कागद



अमेरिकेंतील टेनेसी राज्यांत साउथ फुल्टन नांवाचें एक लहानसें गांव आहे. त्या गांवचा आगीचा बंब गांवाबाहेरच्या वस्तीलाहि उपयोगी पडत असे. मात्र बाहेरच्या प्रत्येक घरमालकानें वर्षाकांठीं ७५ डॉलर वर्गणी आगाऊ भरली पाहिजे असा नियम होता. २०१० सालच्या सप्टेंबर महिन्यांत वर्गणी न भरलेल्या एका गृहस्थाच्या घराला आग लागली. बंब आला, पण तो शेजाऱ्याच्या शेतांत ज्वाळा शिरूं नयेत म्हणून. कारण शेजाऱ्यानें वर्गणी भरली होती. घरमालक काकुळतीला येऊन सांगत होता कीं, लागेल तो खर्च आतांच देतों, पण आग विझवा. जवान उभे राहिले आणि त्यांच्या डोळ्यांदेखत घर जळून खाक झालें.

ही हकीकत ऐकून कोणालाहि संताप येईल, आणि तो यावाच. परंतु संतापाच्या भरांत त्या नियमामागचा युक्तिवाद नजरेआड होऊं देतां कामा नये. आग लागल्यावर पैसे घेऊन बंब धांवणार असेल, तर आग लागण्यापूर्वीं वर्गणी कोण भरील? शंभर घरांपैकीं नव्व्याण्णवांना त्या वर्षीं आग लागत नाहीं. त्या नव्व्याण्णवांनीं दिलेल्या पैशांतूनच शंभराव्याचा बंब उभा राहतो. त्यांनीं हात आखडला म्हणजे बंबच विकावा लागतो. विमा नांवाच्या संस्थेचें सारें मर्म एवढेंच आहे कीं, पुष्कळांनीं थोडें थोडें आधीं द्यावें, म्हणजे थोड्यांना पुष्कळ देतां येतें. हिशेबाच्या वहींत तो नियम बिनचूक होता. जळत्या घरासमोर तो रानटी ठरला. पुढें २०११ सालीं आणखी एक घर तसेंच जळालें, आणि मग २०१२ सालीं त्या गांवानें नियम बदलला. वर्गणी न भरलेल्याच्या घरींहि बंब जाईल, पण त्याबद्दल मागाहून जबर आकार घेतला जाईल असें ठरलें. आधीं आग, मागाहून हिशेब, एवढें साधें सूत्र सुचावयास दोन घरें खर्चीं पडलीं.

आतां घराच्या जागीं माणूस ठेवा. अपघातांत सांपडलेला, हृदयविकाराचा झटका आलेला किंवा बाळंतपणांत रक्तस्राव सुरू झालेला रोगी रुग्णालयाच्या दाराशीं आला, तर त्याला आंत घेण्यापूर्वीं त्याचा विमा आहे कीं नाहीं हें विचारावें काय? आणि नसेल तर काय करावें? आजच्या भाषणाचा विषय हा आहे.

वैद्यकीय मदत हा शब्द आपण फार ढोबळपणें वापरतों. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया दिवाळीनंतर करतां येते. गुडघ्याचा सांधा बदलावयाचा असेल तर चार डॉक्टरांना दाखवून, चार ठिकाणचे दर विचारून, मुलीच्या परीक्षा आटोपल्यावर मुहूर्त धरतां येतो. तेथें रोगी हा थोडाफार ग्राहक असतो. तातडीच्या प्रसंगीं तो ग्राहक नसतो. मेंदूला रक्त पुरविणारी मोठी वाहिनी गुठळीनें बंद झाली, तर दर मिनिटाला सुमारें १९ लाख चेतापेशी मरतात असा हिशेब जेफ्री सेव्हर या अमेरिकन तज्ज्ञानें २००६ सालीं मांडला. ती गुठळी विरघळविणारें औषध लक्षणें सुरू झाल्यापासून साधारणतः साडेचार तासांच्या आंत द्यावें लागतें. आणि तें देण्यापूर्वीं मेंदूचें चित्र काढून आंत रक्तस्राव नाहीं याची खातरी करावी लागते. त्या साडेचार तासांत घरच्यांना उमगणें, वाहन मिळणें, रस्त्यांतली गर्दी, हें सारें आलें. कारकुनासाठीं त्यांत वेळ राखून ठेवलेला नाहीं.

केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञानें १९६३ सालीं एका निबंधांत वैद्यकी आणि इतर माल यांतील भेद उकलून दाखविला होता. तांदूळ किती लागेल हें आपणांस ठाऊक असतें. आजार केव्हां येईल हें नसतें. कापड हातानें चाचपून पाहतां येतें. उपचाराचा गुण येईल कीं नाहीं हें कित्येकदां डॉक्टरलाहि छातीठोकपणें सांगतां येत नाहीं. त्यांत भर म्हणजे देणाऱ्याला जें कळतें तें घेणाऱ्याला कळत नाहीं. हें सर्व आजारांना लागू आहे. परंतु तातडीच्या आजारांत यांवर आणखी एक गोष्ट चढते, ती ही कीं, घेणारा बहुधा शुद्धीवरच नसतो.

माझ्याच इमारतींतील एक प्रसंग सांगतों. आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षक राहतात. त्यांना आम्ही सारे अण्णा म्हणतों. एका रात्रीं दोनच्या सुमारास काकूंनीं आमचें दार ठोठावलें. अण्णांच्या छातींत कळ येत होती आणि अंगाला दरदरून घाम सुटला होता. आम्ही दोघां-तिघांनीं त्यांना जवळच्या एका खासगी रुग्णालयांत नेलें. रात्रपाळीचे डॉक्टर तत्पर होते. त्यांनीं हृदयाचा आलेख काढला, गोळी दिली आणि ताबडतोब पुढचे उपचार सुरू केले पाहिजेत असें सांगितलें. पण त्या पुढच्या उपचारांची वाट एका खिडकीवरून जात होती. खिडकींतल्या कारकुनानें विचारलें, ‘विमा आहे का? कार्ड दाखवा. नसेल तर अनामत भरा.’

विमा होता. वीस वर्षें हप्ते बिनचूक भरलेले होते. पण कार्ड घरच्या कपाटांत, कपाटाची किल्ली काकूंना आठवेना, आणि पॉलिसीचा क्रमांक अमेरिकेंत असलेल्या मुलाच्या संगणकांत. तिकडे तेव्हां भर दुपार. मुलगा कचेरीच्या बैठकींत, दूरध्वनि बंद करून बसलेला. अखेर तीन शेजाऱ्यांच्या खात्यांतून गोळा करून अनामत भरली तेव्हां पाऊण तास उलटून गेला होता.

अण्णा वांचले. त्यांच्या हृदयाच्या स्नायूचा कांहीं भाग मात्र कायमचा दुबळा झाला. तो त्या पाऊण तासामुळेंच झाला असें मी म्हणणार नाहीं. डॉक्टरहि तसें म्हणाले नाहींत. त्या कारकुनालाहि मी दोष देत नाहीं. बुडालेल्या बिलाचा जाब दुसऱ्या दिवशीं त्यालाच विचारला जातो. मला आजवर छळतें तें निराळेंच. त्या रात्रीं खिडकीशीं उभ्या असलेल्या कुटुंबाजवळ विमा होता, शेजारी होते आणि शेजाऱ्यांच्या खात्यांत पैसे होते. यांतलें कांहींच नसलेल्या माणसाचा पाऊण तास किती लांबत असेल?

हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर चव्हाट्यावर आला तो अमेरिकेंत, १९८० नंतरच्या दशकांत. खासगी रुग्णालयें विमा नसलेल्या रोग्याला दारांतूनच, कित्येकदां भळभळत्या जखमेसह, गांवच्या सार्वजनिक रुग्णालयाकडे रवाना करीत. या प्रकाराला तेथील डॉक्टरांनीं जें नांव दिलें त्याचा सरळ अर्थ, गाडींतून कचरा रिता करावा तसा रोगी रिता करणें, असा होतो. शिकागो येथील कुक काउंटी या सार्वजनिक रुग्णालयांतील डॉक्टरांनीं असे पाठविलेले ४६७ रोगी पाहून १९८६ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. शेंकडा ८७ जणांना पाठविण्याचें कारण पुरेसा विमा नसणें हें होतें. त्यांची लेखी संमति घ्यावी हा साधा शिष्टाचार शेंकडा ६ जणांच्या बाबतींतच पाळला गेला होता. आणि हे किरकोळ रोगी होते असेंहि नव्हे. शेंकडा २२ जणांना अतिदक्षता विभागांत ठेवावें लागलें.

त्याच वर्षीं एप्रिल महिन्यांत अध्यक्ष रेगन यांनीं एका लांबलचक अर्थविषयक कायद्यावर सही केली, आणि त्याच्या पोटांत या प्रकाराला आळा घालणारें एक कलम होतें. ज्या रुग्णालयांत तातडीचा विभाग आहे आणि जें वृद्धांसाठीं असलेल्या सरकारी विम्याचे पैसे घेतें, त्यानें दारांत येणाऱ्या कोणालाहि तपासलें पाहिजे. प्रकृति धोक्याची असेल तर ती स्थिर होईपर्यंत उपचार केले पाहिजेत, किंवा रीतसर व्यवस्था करून योग्य ठिकाणीं पाठविलें पाहिजे. आणि विम्याची चौकशी करण्यापायीं तपासणी लांबवितां कामा नये. सरकारी विम्याचे पैसे न घेणारें रुग्णालय त्या देशांत विरळा, म्हणून हा नियम जवळजवळ सर्वांना लागू झाला. सरकारी हस्तक्षेपाचें वावडें असलेल्या राजवटींत तो व्हावा हेंहि ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

मात्र या कायद्यांत दोन मोठीं भोकें राहिलीं. पहिलें असें कीं, उपचार करा असें सांगणाऱ्या सरकारनें त्यासाठीं एक कवडीहि वेगळी ठेवली नाहीं. गरीब वस्तीजवळच्या रुग्णालयावर भार पडला, श्रीमंत उपनगरांतील रुग्णालय मोकळें सुटलें. दुसरें असें कीं, रोग्याला हांकलून देण्यास बंदी झाली, पण बिल पाठविण्यास झाली नाहीं. जीव वांचलेला माणूस घरीं येतो आणि मागोमाग देण्याचा कागद येतो. शिवाय प्रकृति ‘स्थिर’ झाली म्हणजे कायद्याचें बंधन सुटतें. मोडलेलें हाड बसवून घरीं पाठविलें कीं झालें. तें नीट जुळलें कीं नाहीं हें पाहण्याची जबाबदारी कोणाचीच नाहीं.

तेथें साउथ फुल्टनचा जुना प्रश्न पुन्हा उभा राहिला. दारांतून कोणालाच परत पाठवावयाचें नसेल, तर विमा घ्यावयाचा कशाला? यावर उतारा म्हणून २०१० सालच्या आरोग्यसुधारणा कायद्यानें प्रत्येकावर विम्याची सक्ति केली आणि न घेणाऱ्यास दंड ठेवला. सर्वोच्च न्यायालयानें २०१२ सालीं तो दंड एक कर म्हणून वैध ठरविला. पण २०१७ च्या कायद्यानें तो शून्यावर आणला आणि २०१९ पासून तो गेला. म्हणजे उपचाराचें बंधन राहिलें आणि वर्गणीचें गळून पडलें. विम्याच्या बाजूनें बोलणाऱ्यांचें यावरील गाऱ्हाणें मला अगदींच खोटें वाटत नाहीं. तरीपण एक गोष्ट त्यांनाहि मान्य करावी लागेल: फुकट मिळतें म्हणून हौसेनें कोणी आपली कवटी फोडून घेत नाहीं. फुकटेपणाचें भय खोकल्याच्या औषधाबाबत धरावें. फुटलेल्या प्लीहेबाबत धरूं नये.

इंग्लंडनें हा गुंता वेगळ्या रीतीनें सोडविला. ५ जुलै १९४८ पासून तेथें करांच्या पैशावर चालणारी राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. अपघात विभागांतील उपचारांचा आकार तेथें परदेशी पाहुण्याकडूनहि घेत नाहींत. त्याला खाटेवर दाखल करून घेतल्यानंतरचा खर्च मात्र मागतात. हिशेबाची रेघ कोठें ओढली आहे तें पाहण्यासारखें आहे. ती दारांत नाहीं, दाराच्या पुष्कळ आंत आहे.

आपल्या देशांत या विचाराचें बीज स्वातंत्र्याच्याहि आधीं पडलें होतें. सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें १९४६ सालीं जो अहवाल दिला, त्याचें पहिलें तत्त्वच हें होतें कीं, पैसे देण्याची ऐपत नाहीं म्हणून कोणीहि पुरेशा वैद्यकीय मदतीला मुकूं नये. तत्त्व कागदावर राहिलें. पुढें न्यायालयांना तें दोनदां उचलून धरावें लागलें, आणि हे दोन्ही निकाल सुशिक्षित घरांत माहीत असावेत इतके महत्त्वाचे आहेत.

पहिला १९८९ सालचा, परमानंद कटारा यांच्या अर्जावरचा. स्कूटरवरून जाणाऱ्या एका माणसाला मोटारीनें उडविलें. जवळच्या रुग्णालयानें त्याला घेतलें नाहीं. पोलिसी प्रकरणें घेण्याचा अधिकार असलेलें रुग्णालय सुमारें २० किलोमीटरवर आहे, तेथें न्या असें सांगितलें. वाटेंतच तो मेला. सर्वोच्च न्यायालयानें स्वच्छ सांगितलें कीं, सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरवर जीव वांचविण्यासाठीं आपली सेवा देण्याचें बंधन आहे, आणि कोणताहि कायदा किंवा पोलिसी सोपस्कार त्याच्या आड येऊं शकत नाहीं. पंचनामा मागाहून.

दुसरा निकाल १९९६ सालचा, पश्चिम बंगालचा, आणि तो मला अधिक अस्वस्थ करतो. शेतमजुरांच्या एका संघटनेचा सभासद १९९२ सालच्या जुलैंत मथुरापूर स्थानकावर आगगाडींतून पडला आणि त्याच्या डोक्याला जबर मार बसला. प्राथमिक केंद्रांत सोय नव्हती. मग कलकत्त्यांतील एकामागून एक सरकारी रुग्णालयांची यात्रा सुरू झाली. येथें खाट रिकामी नाहीं, तेथें मेंदूच्या शस्त्रक्रियेची सोय नाहीं. शेवटीं त्याला एका खासगी रुग्णालयांत दाखल केलें, आणि त्यापायीं सुमारें १७ हजार रुपये खर्च झाले. न्यायालयानें वेळेवर उपचार न मिळणें हा घटनेच्या २१ व्या कलमांतील जगण्याच्या हक्काचा भंग ठरविला, राज्य सरकारला २५ हजार रुपये भरपाई द्यावयास लावली, आणि पैशाची टंचाई ही सबब सरकारला सांगतां येणार नाहीं असें बजावलें.

या हकीकतींत विमा कोठेंच नाहीं हें आपल्या लक्षांत आलें असेल. फुकटच्या रुग्णालयांनीं त्याला परत पाठविलें. पैसे घेणाऱ्यानें आंत घेतलें. विम्याची अट काढून टाकली म्हणजे दार उघडलें असें मानणाऱ्यांनीं हें प्रकरण अवश्य वाचावें. खाट, रक्त, भूल देणारा डॉक्टर आणि चालू स्थितींत असलेलें यंत्र, यांच्यावांचून हक्क ही केवळ चिठ्ठी आहे, जी घेऊन रोगी एका दारावरून दुसऱ्या दारावर जातो.

आपल्या महाराष्ट्रांत नियमांची उणीव नाहीं. सार्वजनिक न्यास कायद्याच्या ४१ अअ कलमाखालीं मुंबई उच्च न्यायालयानें २००६ सालीं जी योजना मंजूर केली, तीप्रमाणें धर्मादाय रुग्णालयांनीं शेंकडा १० खाटा निर्धनांसाठीं मोफत आणि शेंकडा १० खाटा दुर्बल घटकांसाठीं सवलतीच्या दरानें राखावयाच्या असतात. त्यासाठीं एकूण बिलांच्या शेंकडा २ इतकी रक्कम वेगळ्या निधींत टाकावयाची असते. आणि तातडीच्या रोग्याला ताबडतोब दाखल करून, अनामत न मागतां, प्रकृति स्थिर होईपर्यंत जीवरक्षक उपचार द्यावयाचे असतात. दुसरीकडे २०१२ सालीं आठ जिल्ह्यांत सुरू झालेली आणि आज महात्मा जोतिराव फुले यांच्या नांवानें चालणारी जनआरोग्य योजना आहे. ती गरिबांचा विमा म्हणून जन्मली आणि २०२३ सालच्या निर्णयानें राज्यांतील सर्व कुटुंबांपर्यंत नेण्याचें ठरलें. परंतु ती ठराविक रुग्णालयांत आणि ठराविक उपचारांपुरतीच लागू आहे. अपघात कोठें व्हावा हें योजनेच्या यादींत नसतें.

ज्यांचा खासगी विमा आहे त्यांच्यासाठीं नियामक प्राधिकरणानें २०२४ सालच्या मे महिन्यांत एक बरी गोष्ट केली. रोकड न भरतां उपचार मिळावेत असा अर्ज रुग्णालयाकडून आला, तर विमा कंपनीनें एका तासाच्या आंत निर्णय दिला पाहिजे, आणि घरीं सोडतेवेळीं तीन तासांच्या आंत अंतिम मंजुरी दिली पाहिजे असें तिनें ठरविलें. एक तास हा दप्तराच्या मानानें विजेचा वेग आहे. मेंदूच्या मानानें, मघांच्याच हिशेबानें, तो अकरा कोटींहून अधिक पेशींचा आहे. म्हणून विमा कितीहि चपळ झाला तरी तो दाराशीं उभा करूं नये असें माझें मत आहे. त्याची जागा हिशेबाच्या खोलींत आहे, आणि तेथें तो फार उपयोगी आहे.

मग विमा नसलेल्याचे पैसे कोणी द्यावयाचे? या प्रश्नाला बगल देऊन नुसता हक्क जाहीर केला तर काय होतें तें राजस्थानांत दिसलें. त्या राज्यानें मार्च २०२३ मध्यें आरोग्याच्या हक्काचा कायदा केला. तातडीचे उपचार आगाऊ पैसे न घेतां करावेत आणि रोगी देऊं शकला नाहीं तर सरकार भरून देईल असें त्यांत म्हटलें होतें. खासगी डॉक्टर संपावर गेले. वर्तमानपत्रांतून त्यांना निर्दय म्हटलें गेलें. पण त्यांचा प्रश्न रास्त होता. तातडी म्हणजे नेमकें काय, दर कोणता आणि पैसे केव्हां? पन्नास खाटांचा दवाखाना चालविणाऱ्याला सहा महिन्यांनीं येणारी हुंडी परवडत नाहीं.

याहून विचारपूर्वक वाट रस्त्यावरील अपघातांपुरती निघाली आहे. मोटार वाहन कायद्यांत २०१९ सालीं दुरुस्ती होऊन अपघातानंतरच्या पहिल्या मोलाच्या तासांत रोकड न भरतां उपचार मिळावेत अशी तरतूद झाली. योजना करावयाला मात्र सर्वोच्च न्यायालयाला २०२५ सालच्या जानेवारींत सरकारचे कान उपटावे लागले. त्या वर्षींच्या मे महिन्यांत ती निघाली. अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार नेमलेल्या रुग्णालयांत मिळावेत आणि इतर रुग्णालयांनीं निदान प्रकृति स्थिर करावी, असें तिचें स्वरूप आहे. यांतील मख्खी अशी: जखमी माणसाचा विमा कोणी विचारीत नाहीं. विमा पाहावयाचा तो गाडीचा. गाडी विम्याची असेल तर विमा कंपन्यांच्या वर्गणींतून, नसेल किंवा उडवून पळून गेली असेल तर सरकारच्या तिजोरींतून पैसे यावयाचे. वर्गणी अस्तित्वांत आहे, पण ती रोग्याच्या खिशांत शोधावी लागत नाहीं. हृदयविकाराला आणि बाळंतपणाला असा कोणी मोटारवाला जबाबदार नसतो, म्हणून तेथें हा भार सरळ करांवरच टाकावा लागेल, आणि तो शक्य तों दर महिन्याला चुकता करावा लागेल. नाहीं तर खिडकी पुन्हा उघडेल, फक्त तिच्यावरची पाटी बदललेली असेल.

हें सारें होईल तेव्हां होईल. तोंवर आपण घरांत काय करावें असें कोणी विचारील, तर आमच्या इमारतीनें जें केलें तें सांगतों. जिन्याखालच्या फलकावर १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक, जवळच्या दोन धर्मादाय रुग्णालयांचीं नांवें आणि तातडीच्या रोग्याकडून अनामत घेऊं नये हा त्यांना लागू असलेला नियम मोठ्या अक्षरांत लिहिला आहे. रुग्णालयानें घेतलें नाहीं तर प्रकृतीची स्थिति आणि न घेण्याचें कारण डॉक्टरांकडून लिहून मागावें, अशीहि सूचना त्याखालीं आहे. लेखी मागितलें म्हणजे पुष्कळदां खाट रिकामी होते असें ऐकतों. आणि अण्णांच्या विम्याच्या कार्डाची एक प्रत आतां आमच्याकडे, एक समोरच्या बिऱ्हाडीं आणि एक काकूंनीं स्वतः देवघराच्या फळीवर ठेवली आहे.